चौदावा स्क्रू

माझ्या सासूबाईंना अख्खी गल्ली सिस्टर म्हणते. दूधवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा न्हावी, खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, सगळेच. सासरे होते तेव्हा तेही म्हणायचे, आणि थट्टेने नाही. मी मात्र आई म्हणते, कारण सिस्टर म्हटलं की मला आपण कुणाच्या तरी हाताखाली नोकरीला लागलोय असं वाटतं. खरं सांगायचं तर लग्नानंतरचं पहिलं वर्ष तसंच गेलं.

चौतीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. डॉक्टरने न बघता हात पुढे करायचा आणि त्यात नेमकी हवी ती कात्री यायची, ती देणारी बाई म्हणजे आई. या कामाचा एक नियम आहे. ऑपरेशनला हात घालण्याआधी ताटातली प्रत्येक वस्तू मोठ्याने मोजायची. चिमटे, सुया, रक्त टिपायच्या कापडाच्या घड्या, ज्यांना ते गॉज म्हणतात. दुसरी नर्स तो आकडा पुन्हा मोठ्याने म्हणते आणि फळ्यावर लिहिते. शिवायच्या आधी पुन्हा मोजणी. आकडा जुळला तर टाके घालायचे, नाही जुळला तर कुणी कितीही मोठा असो, थांबायचं.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. सून म्हणून घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की जेवणं झाल्यावर आई चमचे मोजून कपाटात ठेवतात. मला वाटलं, नवी सून आली म्हणून मोजतायत. मी आत जाऊन नवऱ्यावर अशी काही भडकले की तो बिचारा दोन दिवस आमटीसुद्धा चमच्याला हात न लावता जेवला. पुढे कळलं, त्या घरी एकट्या असल्या तरी मोजतात.

अशा बाईवर निवृत्तीनंतर दीड वर्षाने कागद आला की तुम्ही मोजणीत चुकलात.

चार वर्षांपूर्वीचं ऑपरेशन होतं. पेशंटच्या पोटात गॉजची एक घडी राहिली होती. ती तीन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून काढली, पेशंट वाचला, घरी गेला, आणि मग त्याच्या घरच्यांनी तक्रार केली. तक्रार वरपासून खाली घरंगळत आली आणि सर्वांत खालच्या पायरीवर जी बाई उभी होती तिच्या पायाशी येऊन थांबली. ज्या सर्जनने पोट शिवलं त्याचं म्हणणं, सिस्टरने मला मोजणी बरोबर आहे असं सांगितलं. फळ्यावर आकडे लिहिणाऱ्या दुसऱ्या नर्सला काही आठवत नव्हतं. आणि नोंदवहीतलं त्या दिवसाचं पान मिळत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. वर प्रेमळ निरोप असा की मोजणीत नजरचूक झाली असावी, एवढी एक ओळ लिहून द्या, नुसती ताकीद देऊन फाइल बंद करू.

आईंनी ती ओळ लिहून दिली नाही. त्यामुळे प्रकरण सुनावणीपर्यंत आलं. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, व्हिडिओवर. पत्रात बारीक अक्षरात नियम होते. मोबाइल चालणार नाही, कॅमेरा असलेला कॉम्प्युटर हवा. बंद खोलीत एकटीने बसायचं. वेळेवर हजर नसल्यास एकतर्फी निकाल.

आणि आदल्या सोमवारी आईंचा लॅपटॉप मेला.

आठ वर्षांचं जुनं यंत्र. त्यावर त्या जुन्या मैत्रिणींशी बोलायच्या, नर्सिंगच्या मुलींसाठी टिपणं टाइप करायच्या, आणि अलीकडे रोज सकाळी सुनावणीत वाचायचं निवेदन सुधारत बसायच्या. सोमवारी आतून टक टक असा आवाज आला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. निवेदनाचा पहिला खर्डा त्यांच्या वहीत होता म्हणून बरं, बाकी सगळं गेलं.

मंगळवारी मी ऑफिसला जाता जाता त्यांना दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने यंत्र कानाशी धरलं आणि हार्ड डिस्क गेली असं सांगितलं. मग आईंना ओलांडून माझ्याकडे बघत म्हणाला, की ताई, यात जीव राहिलेला नाही, आजींना नवीन घेऊन द्या. दुरुस्तच करायचा असेल तर ठेवून जा, माझ्याकडे रांग आहे, आठ दिवस लागतील.

आईंनी त्याला विचारलं की मेलंय ते नेमकं काय, सगळं यंत्र की फक्त डिस्क. तो म्हणाला, फक्त डिस्क. मग ती द्या, आई म्हणाल्या. तो हसला. नुसती डिस्क नेऊन काय करणार, ती बसवावी लागते, आणि नवी डिस्क कोरी असते, तिच्यात सिस्टीम भरावी लागते, त्यासाठी बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून यंत्र सुरू होतं तो, करावा लागतो. हे सगळं करणार कोण, असं त्याने पुन्हा मलाच विचारलं.

"मी करणार," आई म्हणाल्या. "आणि तिच्याशी नका बोलू, लॅपटॉप माझा आहे. मला सिस्टर म्हणतात."

माणूस वाईट नव्हता. त्याने नवी डिस्क दिली, एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर दिला, आणि आईंनी वही काढल्यावर एक एक पायरी सांगितली. आधी बॅटरीची जोडणी सोडवायची. हात लावण्याआधी एखाद्या लोखंडी वस्तूला स्पर्श करायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. इंटरनेटवरून फुकट मिळणारी सिस्टीम उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायची. आईंनी सगळं आपल्या अक्षरात उतरवलं, प्रत्येक ओळीच्या पुढे एक रिकामा चौकोन काढला, आणि त्याला दोनदा वाचून दाखवलं.

संध्याकाळी घरी नवऱ्याला हे सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला. माझा नवरा नाकासमोर चालणारा माणूस आहे. भांडणाची चाहूल लागली की हा दुसऱ्या खोलीत जातो. कागद आल्यापासून तो आईला एकच सांगत होता, की पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. त्यावर मी एकदा म्हटलं होतं की आई आता निवृत्त झाल्यात, म्हणजे पाण्याबाहेर आल्यात, आता नाही तर वैर कधी करायचं. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही.

वाचकांना वाटेल, याचा स्वतःचा लॅपटॉप काय झाला होता. होता ना. पण तो ऑफिसचा. त्यावर घरचं काही करायचं नाही असा ऑफिसचा नियम आणि त्या नियमावर याची आमच्या लग्नापेक्षा जास्त निष्ठा. शेजारी चहाचा कप ठेवला तरी याचा जीव वरखाली व्हायचा. मी तरीही विचारणार होते, पण आईंनी मला अडवलं. ज्याला मी सही करावी असं वाटतं, त्याच्या यंत्रावर बसून मी सही न करण्याची कारणं सांगू का, असं त्यांनी विचारलं. मी विषय सोडला. माझा स्वतःचा कॉम्प्युटर ऑफिसच्या टेबलाला साखळीने बांधलेला, त्यामुळे माझा तर प्रश्नच नव्हता.

त्या संध्याकाळी नवरा बराच वेळ आतल्या खोलीत दार लावून बसला होता. मला वाटलं, ऑफिसचं काम असेल.

बुधवारी दुपारी आई एकट्याच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे आणि इंटरनेटही बरं चालतं. तिथे फॉर्म भरणाऱ्यांची ही गर्दी. झेरॉक्सवाल्याने त्यांना एका स्टुलावर बसवलं, सिस्टीमची फाइल उतरवायला लावली आणि तो आपल्या गिऱ्हाइकांकडे वळला. सव्वा तासाने फाइल उतरली. आईंनी त्याला त्रास दिला नाही. त्यांना कॉपी करता येतं. फाइल उचलली, पेनड्राइव्हवर ठेवली, चौकोनात खूण केली आणि घरी आल्या. मी ऑफिसातून परतले तेव्हा त्यांचा चेहरा असा खुलला होता की जणू अर्धी सुनावणी जिंकून आल्या.

चहा झाल्यावर जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरली गेली. दिवा खाली ओढला गेला. आईंनी कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि किडनी ट्रे काढला. हा ट्रे म्हणजे घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचं स्टीलचं भांडं, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेलं. मला कॅलेंडरचं एक जुनं पान आणि पेन दिलं.

"तू फिरती नर्स," त्या म्हणाल्या. "मी म्हणेन तो आकडा तू मोठ्याने म्हणायचा आणि लिहायचा. मनात म्हटलेलं चालत नाही."

मला हसू आलं, पण आईंचा चेहरा पाहून ते गिळलं. त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला आणि लॅपटॉप पालथा घातला. एक. एक. दोन. दोन. खालचं झाकण दहा स्क्रूंचं निघालं. बॅटरीची जोडणी सुटली. मग डिस्क, तिच्या पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसवलेली. अकरा, बारा, तेरा, चौदा. मी प्रत्येक आकडा म्हटला, लिहिला. दहाव्या आकड्याला माझा आवाज आपोआप ताठ झाला होता. नवरा सोफ्यावरून हे बघत होता आणि त्याला बसवत नव्हतं. उठत होता, पाणी पीत होता, पुन्हा बसत होता.

नवी डिस्क चौकटीत बसली, चार स्क्रू परत गेले, बॅटरी जोडली. आता फक्त झाकण उरलं. आईंनी ट्रे जवळ ओढला आणि मोजायला सुरुवात केली. नऊ.

पुन्हा मोजलं. नऊ. माझ्या कागदावर चौदा लिहिलेले, चार आत गेलेले, म्हणजे ट्रेमध्ये दहा हवेत. आम्ही चादर झटकली नाही, आईंनी झटकू दिली नाही, हाताने चाचपली. टेबलाखाली बघितलं. माझे खिसे, त्यांच्या बाह्या, सगळं पाहिलं. नाही.

नवरा सोफ्यावरून म्हणाला, "आई, एका स्क्रूने काय होतंय? मोजताना चुकलं असेल. लाव झाकण आणि मोकळी हो."

आईंनी मान वर केली. त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या.

"हेच वाक्य होतं. सिस्टर, एका गॉजने काय होतंय, मोजताना चुकलं असेल. मी म्हटलं, सर, वीस गेले होते, एकोणीस आलेत, बंद करू नका. ते म्हणाले, पुढचा पेशंट खोळंबलाय. मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते शिवत होते. मी नोंदवहीत लिहिलं, मोजणी जुळली नाही, सर्जनना कळवलं आहे, आणि खाली सही केली. ते पान आता नाही."

कागद आल्यापासून माझ्या नवऱ्याने आईला आता काय करायचं असं शंभरदा विचारलं होतं. त्या दिवशी काय झालं असं एकदाही विचारलं नव्हतं. मी कागदपत्रं वाचली होती, मला माहीत होतं, त्याने मात्र त्या कागदांना हात लावला नव्हता. तो उभा राहिला. तोंडात मारल्यासारखा दिसत होता. मग मोबाइलचा टॉर्च लावून टेबलाजवळ आला आणि लॅपटॉप उचलून हलवायला लागला, तेव्हा आईंनी त्याच्या मनगटावर चापट मारली. हलवायचं नाही, कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही, बघायचं, असं त्यांनी सांगितलं.

त्याने वाकून टॉर्च आत धरला. एक एक कोपरा तपासत गेला. शेवटी त्यालाच तो दिसला. छोट्या पंख्याच्या पात्याखाली, आडवा पडलेला, काळा. बाहेर कुठेच नव्हता, आतच होता. आईंनी चिमट्याने काढला आणि ट्रेमध्ये टाकला.

"दहा," त्या म्हणाल्या.

"दहा," मी म्हटलं. कागदावर आकडा लिहिला. नवरा आतल्या खोलीत गेला. मला वाटलं, आता याचे डोळे उघडले. उघडले होतेच, पण जे केलं ते उघडायच्या आधीच करून बसला होता, हे मला कुठे माहीत.

झाकण लागलं. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली, सुरू करण्याजोगं काहीच सापडलं नाही, अशा अर्थाची. आईंनी पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला. दुसऱ्या भोकात लावला. वही उघडून खुणा तपासल्या, सगळे चौकोन भरलेले होते. तेवढ्यात नवरा बाहेर आला आणि म्हणाला, की आई, जाऊ दे आता, उद्या त्यांना कळव तब्येत बरी नाही म्हणून, होईल ते होईल. आईंनी त्याला आपली तब्येत ठणठणीत असल्याचं सांगितलं, लॅपटॉपवर रुमाल टाकला आणि झोपायला गेल्या. मी रजेचा मेसेज ऑफिसला पाठवून दिला. साहेबांना काय वाटायचं ते वाटो.

गुरुवारी साडेआठला झेरॉक्सवाला शटर वर करत होता तेव्हा आम्ही दोघी दारात उभ्या होतो. आईंनी पेनड्राइव्ह त्याच्या कॉम्प्युटरला लावला आणि उघडून पाहिला. आत एकच फाइल होती, काल ठेवलेली, जशीच्या तशी. त्या तिच्याकडे बघत राहिल्या आणि एकदम स्वतःच्याच मांडीवर हात मारला.

"हे तर पाकीट आहे," मला म्हणाल्या. "थिएटरमध्ये औजारं सीलबंद पाकिटात येतात. ते पाकीट तसंच ट्रेमध्ये ठेवलं तर सर्जन काय करणार? फोडायचं असतं, एक एक काढून क्रमाने मांडायचं असतं. मी फोडलंच नाही. चौतीस वर्षं पाकिटं फोडली आणि काल नेमकं हेच विसरले."

झेरॉक्सवाला म्हणाला की अगदी बरोबर, हे फोडून मांडायचा एक वेगळा छोटा प्रोग्रॅम असतो, नुसती कॉपी चालत नाही. काल गर्दीत तुमच्याकडे बघायचं राहिलं, याबद्दल त्याने माफीही मागितली. आई म्हणाल्या, तुमची चूक नाही, माझी आहे, आणि मी ती कबूल करते. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. चूक झाली की ही बाई चार माणसांत कबूल करते. म्हणूनच न झालेली चूक ती कबूल करत नव्हती.

त्या प्रोग्रॅमने विचारलं की पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का. आईंनी वाचलं, दोनदा वाचलं, आणि हो केलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. झेरॉक्सवाल्याने वेळ लागेल, घरी जाऊन या, असं सांगितलं तरी त्या हलल्या नाहीत. पट्टी भरली तरी उठल्या नाहीत. पेनड्राइव्ह पुन्हा उघडून दाखवायला सांगितला. आता आत एका फाइलच्या जागी बरेच फोल्डर होते, ओळीने लावलेले.

"आता मांडलंय," त्या म्हणाल्या, आणि आम्ही जवळजवळ धावत घरी आलो. खूप उशीर झाला असं वाटत होतं, पण नऊ पस्तीसच झाले होते.

लॅपटॉप चालू होताना एक कळ दाबत राहायची, मग तो विचारतो की कशावरून सुरू होऊ. पहिल्या वेळी आईंचं बोट उशिरा पडलं आणि तीच काळी ओळ पुन्हा आली. माझ्या तोंडातून शिवी निघाली, ती त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली. दुसऱ्या वेळी यादी आली. तिच्यात पेनड्राइव्हचं नाव होतं. एंटर. थोडा वेळ काही नाही, मग पडदा निळा झाला आणि भाषा कोणती हवी असं विचारायला लागला. मी आईंना मिठी मारली. अजून पोट शिवून झालेलं नाही, असं म्हणून त्यांनी मला बाजूला केलं.

सिस्टीम भरायला अर्धा तास लागला. मग पेनड्राइव्ह काढून घ्या, पुन्हा सुरू करा, नाव द्या, पासवर्ड द्या, वायफाय जोडा, कॅमेरा बघा. दहा पन्नासला आईंचा चेहरा त्या पडद्यावर दिसला, थोडा घामेजलेला. त्यांनी केस सारखे केले, हातात घड्याळ चढवलं आणि निवेदनाची वही समोर ठेवली.

नवरा ऑफिसला गेला नव्हता. दहा पंचावन्नला तो दारात आला आणि म्हणाला, "आई, एक सांगायचं होतं."

"सुनावणीनंतर," आई म्हणाल्या, आणि दार लावायला सांगितलं.

आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो. नव्या सिस्टीमचा आवाज पूर्ण वर होता, कमी कुठून करायचा हे बघायला वेळ झाला नव्हता, त्यामुळे आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता. चौकशी समितीचे अध्यक्ष बोलत होते. आवाज सभ्य होता. त्यांनी हजर राहिल्याबद्दल आभार मानले आणि मग सांगितलं की सिस्टर, तुमचा अर्ज मंगळवारी संध्याकाळी ईमेलने आम्हाला मिळाला आहे. मोजणीत नजरचूक झाली असावी हे तुम्ही त्यात मान्य केलं आहे, खाली सहीही आहे, तेव्हा आजचं हे सगळं औपचारिकच आहे.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. आईंचं ईमेल त्यानेच उघडून दिलेलं, पासवर्ड त्यालाच ठाऊक. मंगळवारचं ते बंद दार माझ्या डोळ्यांसमोर आलं. माझ्या आयुष्यात मला कुणाचा इतका राग आलेला नाही. लॅपटॉप बंद पडला म्हणजे आई गैरहजर राहणार, गैरहजर राहिली म्हणजे एकतर्फी निकाल लागणार, त्यापेक्षा ताकीद बरी, असा त्याने हिशेब मांडला असणार. घाबरट माणसाचे हिशेब नेहमी बरोबर असतात, फक्त गणित दुसऱ्याचं असतं.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आईंनी तो अर्ज पडद्यावर दाखवायची विनंती केली. त्यावर शांतता. त्यांनी मुलाचा हात ओळखला हे मला इथे बाहेर उभी राहूनही कळलं. नववीत प्रगतिपुस्तकावर त्याने केलेली सही त्यांनी याच शांततेत बघितली होती, तो किस्सा त्याच नेहमी सांगायच्या. अर्ज माझाच म्हणावं तर चौतीस वर्षांवर बोळा फिरतो. नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला.

"ही सही माझी नाही," आई म्हणाल्या.

"मग कोणाची आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

आई काही बोलल्या नाहीत. मी नवऱ्याला ढकलणार होते. खरंच, माझा हात उठला होता. पण त्याआधीच त्याने दार उघडलं आणि आत गेला, आणि कॅमेऱ्यात दिसेल असा आईच्या खुर्चीमागे उभा राहिला.

"मी केली," तो म्हणाला. "मी मुलगा. आईला विचारलं नव्हतं. आईने नकोच म्हटलं होतं."

आईंनी मागे वळून बघितलं नाही.

"बाहेर जा," त्या म्हणाल्या. "खोलीत एकटीने बसायचा नियम आहे." आणि मग पडद्याकडे बघून, "तो अर्ज बाद धरा. मी पळून गेले नाही, तब्येतीचं कारण दिलं नाही, इथे तुमच्यासमोर बसले आहे. आता माझं निवेदन ऐका. त्या दिवशी वीस गॉज मोजून आत गेले. बाहेर एकोणीस आले. मी तीन वेळा सांगितलं."

चाळीस मिनिटं त्या वाचत होत्या. मध्ये समितीतल्या एका बाईंनी विचारलं की इतक्या वर्षांनी तुमच्या आठवणीत गफलत झाली असू शकते, एवढं तरी तुम्ही मान्य कराल का. आई नाही म्हणाल्या आणि पुढचं वाक्य वाचायला लागल्या. शेवटी अध्यक्षांनी तीन गोष्टी नोंदवून घ्यायला सांगितल्या. पुढच्या तारखेला सर्जन आणि दुसरी नर्स दोघांनी हजर राहायचं. मूळ नोंदवही, तिचं पान कुठे गेलं याच्या उत्तरासह, रुग्णालयाने सादर करायची. आणि खोट्या सहीबद्दल मुलाने आजच्या आज लेखी खुलासा द्यायचा.

दार उघडून आई बाहेर आल्या. नवरा भिंतीला टेकून उभा होता.

"मला वाटलं, तुझं भलं होईल," तो म्हणाला.

"माझं भलं करायचं असेल तर आधी मला विचारायचं," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. मग त्यांनी त्याला दंडाला धरून आत नेलं आणि लॅपटॉपसमोर, आपल्या खुर्चीत बसवलं. त्याने कोरं पान उघडलं आणि काय लिहू म्हणून विचारलं.

"झालं तसं," आई म्हणाल्या. "फक्त नजरचूक हा शब्द वापरायचा नाही."

तो लिहायला लागला. आई शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि प्रत्येक ओळ वाचत राहिल्या.